पुन्हा धावू लागणे : एक प्रस्तावना

शाळा-कॉलेजच्या वयात धावणारी आणि पुढे नोकरी, संसार, बाळंतपण, बदल्या, दुखापत किंवा नुसता कंटाळा यांपैकी कशाने तरी धावणे सुटलेली व्यक्ती पस्तिशी-चाळिशी उलटल्यावर पुन्हा धावू लागते, तेव्हा तिच्या शरीरात आणि दिनक्रमात काय घडते आणि त्यातून तिला स्वतःला काय मिळते, हा या पुस्तकाचा विषय आहे. आयुष्यात कधीच न धावलेला नवशिका आणि असा परतलेला धावणारा यांना बहुतेक मार्गदर्शनपर पुस्तके एकाच रांगेत बसवतात, आणि पहिल्या एक-दोन आठवड्यांपुरते ते चालूनही जाते. परंतु दोघांत एक मूलभूत फरक आहे. नवशिक्याजवळ स्वतःला मोजण्याचे माप नसते, तर परतलेल्याजवळ ते असते आणि ते वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचे असते. मैदानाची एक फेरी किती वेळात व्हायची, धाप कुठल्या वळणावर लागायची, शेवटच्या शंभर मीटरमध्ये पाय किती साथ द्यायचे, हे त्याला ठाऊक असते आणि ते आजही तसेच असेल असे त्याला मनातून वाटत असते. या पुस्तकाची भूमिका अशी आहे की, पुन्हा धावू लागलेल्या माणसाला वय जितके नडत नाही तितकी ही आठवण नडते, आणि धावण्याचे जे लाभ सांगितले जातात त्यांतले बहुतेक आठवणीतला वेग सोडून दिल्यावरच हाती लागतात.

महाराष्ट्रात तरुणपणीच्या धावण्याचे स्वरूप पाहिले तर ही आठवण इतकी घट्ट का असते ते कळते. क्रीडासप्ताहातली शंभर मीटरची शर्यत, खो-खोतला पाठलाग आणि खेड्यापाड्यांत व तालुक्याच्या गावी पहाटे रस्त्याच्या कडेने धावणारी भरतीची पोरे, हीच इथल्या धावण्याची ओळखीची रूपे आहेत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, त्याला गुण असतात, आणि एकेका सेकंदावर नोकरी अवलंबून असल्यामुळे तिथले धावणे हे आरंभापासून दुसऱ्याच्या हातातल्या घड्याळासाठी केलेले असते. निवड झाली तरी ते थांबते आणि वयोमर्यादा संपली तरी थांबते. धावणे म्हणजे काहीतरी मिळवण्यासाठी काही काळ सोसायची गोष्ट, असा जो समज त्यातून तयार होतो, तो पुढे चाळिशीतही सुटत नाही. म्हणूनच गावच्या रस्त्यावर एखादा मध्यमवयीन शिक्षक धावताना दिसला की लोक त्याला शुगर निघाली का, की डॉक्टरने सांगितले, असे विचारतात. कारणाशिवाय कोणी प्रौढ माणूस धावेल हे त्यांना पटत नाही, आणि इतिहास पाहिला तर त्यांचे फारसे चुकतही नाही.

प्रौढ माणसाने स्पर्धेसाठी नव्हे, तर स्वतःसाठी सावकाश धावावे, ही कल्पना जेमतेम साठ-पासष्ट वर्षांची आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथील आर्थर लिडियार्ड हा ऑलिंपिक विजेते घडवणारा प्रशिक्षक; आपल्या धावपटूंना तो जे लांब आणि संथ पल्ले धावायला लावी, तेच त्याने १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत गावातल्या पोट सुटलेल्या, हृदयविकार होऊन गेलेल्या मध्यमवयीनांना बोलता येईल इतक्या बेताच्या गतीने धावायला शिकवले. अमेरिकेतील ओरेगन विद्यापीठाचा प्रशिक्षक बिल बॉवरमन १९६२ च्या अखेरीस तिथे गेला असता अशा एका रविवारच्या फेरीत सामील झाला, आणि वयाच्या पन्नाशीत असलेल्या या नामांकित प्रशिक्षकाला सोबत करण्यासाठी सत्तरी ओलांडलेल्या एका हृदयरुग्ण गृहस्थाला आपला वेग कमी करावा लागला. बॉवरमनने मायदेशी परतून युजीन शहरात नागरिकांसाठी तसाच उपक्रम सुरू केला आणि हृदयरोगतज्ज्ञ डब्ल्यू. ई. हॅरिस यांच्याबरोबर १९६७ साली ‘जॉगिंग’ हे छोटे पुस्तक काढले. पुढच्याच वर्षी अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर केनेथ कूपर यांचे ‘एरोबिक्स’ आले. एरोबिक म्हणजे ज्या श्रमाला लागणारी ऊर्जा शरीर श्वासातून घेतलेल्या प्राणवायूच्या आधारे सलग पुरवू शकते असा श्रम. १२ मिनिटांत माणूस किती अंतर कापतो यावरून त्याची क्षमता अजमावण्याची कूपर यांची चाचणी आजही अनेक ठिकाणी वापरली जाते.

या सगळ्यांत प्रस्तुत विषयाला सर्वांत जवळचा माणूस मात्र जॉर्ज शीहान हा आहे. कॉलेजात असताना तो चांगला धावपटू होता. पुढे तो हृदयरोगतज्ज्ञ झाला, न्यू जर्सीत व्यवसाय थाटला, मोठे कुटुंब वाढवले आणि धावणे पूर्णपणे विसरला. पंचेचाळिशीच्या आसपास तो परतला आणि पन्नासाव्या वर्षी त्याने एक मैल अंतर ४ मिनिटे ४७ सेकंदांत पार केले, जे त्या वयात तोवर कोणी केल्याची नोंद नव्हती. शीहानचे महत्त्व या विक्रमापेक्षा त्याच्या लेखनात आहे. धावण्याचा विचार करताना त्याने आयुष्य लांबण्याचा मुद्दा दुय्यम ठरवला आणि दिवसातला एक तास पूर्णपणे स्वतःचा असणे हा मुद्दा पुढे आणला. त्याच्या लेखनातला आत्मलुब्धपणा कधी कधी कंटाळवाणा होतो, हे मान्य केले तरी ‘परतणे’ या अनुभवाकडे गंभीरपणे पाहणारा तो पहिला लेखक होता, एवढे श्रेय त्याला द्यावे लागते.

भारतात ही लाट उशिरा आली. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ पासूनची आहे, पण तिचा चेहरा दीर्घकाळ निष्णात धावपटूंचा राहिला. सामान्य नोकरदार माणूस छातीवर क्रमांकाचा कागद, म्हणजे ‘बिब’, लावून रस्त्यावर उतरला तो २००४ साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाल्यावर. मॅरेथॉन म्हणजे ४२.१९५ किलोमीटरची शर्यत आणि तिचे निम्मे अंतर म्हणजे हाफ, एवढी माहिती त्यानंतरच्या दहा वर्षांत घरोघर पोचली. अभिनेता मिलिंद सोमणसारखा, पूर्वी राष्ट्रीय पातळीवर पोहलेला माणूसही याच स्पर्धेच्या निमित्ताने अडतिशीत धावण्याकडे वळला. यवतेश्वरचा घाट चढून जाणारी साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून सुरू झाली आणि तिने आसपासच्या जिल्ह्यांतील डॉक्टर, शिक्षक, व्यापारी, बँकेतले कर्मचारी अशा वर्गाला धावण्याकडे ओढले. आज शिवाजी पार्क, मरीन ड्राइव्ह, पुण्यातील तळजाई आणि वेताळ टेकडी, कोल्हापूरचा रंकाळा या ठिकाणी पहाटे जी माणसे धावताना दिसतात त्यांत पुन्हा धावू लागलेल्यांचे प्रमाण मोठे आहे.

आता शरीराकडे वळावे, कारण परतणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असतो : जे गेले ते परत येते का? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी एक संज्ञा समजून घेणे भाग आहे. पूर्ण ताकदीने श्रम करताना शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, त्या मर्यादेला कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता म्हणतात, आणि धावणाऱ्यांच्या बोलण्यात ती ‘व्हीओटू मॅक्स’ या नावाने येते. हृदय एका मिनिटात किती रक्त बाहेर फेकते आणि त्या रक्तातला किती प्राणवायू स्नायू शोषून घेतात, या दोन गोष्टींवर ती ठरते. बैठी जीवनशैली असलेल्या माणसात तिशीनंतर ती दर दशकात साधारण १० टक्के घटते, तर सातत्याने सराव करणाऱ्यांत घट बरीच कमी असते. सराव थांबवल्यावर मात्र ती किती झपाट्याने उतरते हे एडवर्ड कॉइल आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली दाखवून दिले : वर्षानुवर्षे सराव केलेल्या व्यक्तींनी तो थांबवताच २१ दिवसांत ही क्षमता ७ टक्क्यांनी घटली आणि ५६ दिवसांनंतर १६ टक्क्यांच्या घटीवर येऊन स्थिरावली. त्याच अभ्यासात असेही आढळले की, स्नायूंमध्ये वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेले केशवाहिन्यांचे, म्हणजे अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे त्या काळात विरळ झाले नव्हते. अर्थात हे काही महिन्यांच्या खंडाविषयीचे निष्कर्ष आहेत आणि वीस वर्षांच्या खंडाला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत.

वीस-तीस वर्षांच्या खंडाचा विचार करायचा तर अमेरिकेतील डॅलस येथे झालेल्या एका अभ्यासाकडे जावे लागते, आणि या विषयावरचा एकच पुरावा निवडायचा झाला तर प्रस्तुत पुस्तक त्याचीच निवड करील. १९६६ साली बेंग्ट साल्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना सलग तीन आठवडे अंथरुणावर पडून राहायला लावले. एवढ्या काळात त्यांची प्राणवायू-ग्रहणक्षमता सरासरीने मिनिटाला ३.३ लिटरवरून २.४ लिटरवर आली; त्यानंतर आठ आठवड्यांच्या कसून केलेल्या सरावाने ती मूळ पातळीच्याही वर गेली. ३० वर्षांनी, १९९६ मध्ये, त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली. आता ते पन्नाशीचे होते, सरासरी वजन ७७ किलोवरून १०० किलोवर गेले होते, शरीरातील चरबीचे प्रमाण दुप्पट झाले होते, आणि तरीही त्यांची क्षमता २.९ लिटर होती. म्हणजे तीस वर्षांच्या वार्धक्याने जेवढी हानी केली होती, तिच्यापेक्षा विशीतल्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने अधिक केली होती. नंतर सहा महिने त्यांनी चालणे, जॉगिंग, सायकल असा हळूहळू वाढत जाणारा सराव केला आणि क्षमता पुन्हा ३.३ लिटरवर, म्हणजे १९६६ च्या आरंभीच्या पातळीवर आली.

हा निष्कर्ष उत्साह वाढवणारा आहे आणि म्हणूनच त्याच्या मर्यादा नीट पाहाव्या लागतात. पाच माणसे ही संख्या फार लहान आहे, हे उघडच आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, ३.३ लिटर ही संपूर्ण शरीराची क्षमता आहे. धावताना मात्र माणसाला स्वतःचे वजन वाहून न्यावे लागत असल्याने ही क्षमता दर किलो वजनामागे किती, याला महत्त्व असते, आणि ७७ किलोच्या तरुणाचे ३.३ लिटर व त्याहून कितीतरी जड झालेल्या प्रौढाचे ३.३ लिटर यांतून रस्त्यावर सारखा वेग निघत नाही. शिवाय तरुणपणी आठ आठवड्यांच्या सरावानंतर जी उंची त्यांनी गाठली होती ती पन्नाशीत पाचांपैकी एकालाही गाठता आली नाही. सुधारणा कुठून आली हेही पाहण्यासारखे आहे : वयानुसार हृदयाच्या ठोक्यांची कमाल गती कमी होत जाते आणि सरावाने ती वाढत नाही, त्यामुळे हृदय पूर्वीपेक्षा जास्त रक्त फेकू लागले नव्हते, तर पायांचे स्नायू आलेल्या रक्तातून अधिक प्राणवायू शोषून घ्यायला शिकले होते. दुसऱ्या शब्दांत सांगायचे तर पन्नाशीतले शरीर विशीतल्या शरीराकडे परत गेले नाही, त्याने त्याच आकड्यापर्यंत जाण्याची निराळी वाट काढली.

इथेच आठवणीची अडचण उभी राहते. शरीराचे सगळे भाग सरावाला एकाच गतीने प्रतिसाद देत नाहीत. रक्ताचे आकारमान काही दिवसांत वाढू लागते, स्नायूंमधील बदल काही आठवड्यांत जाणवतात. परंतु कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी, जिला डॉक्टर टेंडन म्हणतात, तिला रक्तपुरवठा कमी असल्याने ती बळकट व्हायला अनेक महिने लागतात, आणि हाडांचीही तीच गत असते. धावताना प्रत्येक पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट बल परत येते. परतलेल्या माणसाला चौथ्या-पाचव्या आठवड्यात दम टिकू लागल्याचे जाणवते, जुना वेग दिसू लागल्यासारखा वाटतो, एखाद्या सकाळी भरतीतल्या दिवसांसारखे शेवटचे पाचशे मीटर जीव खाऊन धावावेसे वाटतात, आणि नेमके त्याच वेळी पोटरीच्या खाली, टाचेच्या मागच्या बाजूला किंवा नडगीच्या आतल्या कडेला दुखणे सुरू होते. ते पहिल्यांदा धावताना कळतच नाही. सकाळी पलंगावरून उतरून पहिले पाऊल टाकताना टाचेत कळ येते, भिंतीला हात लावून चार पावले गेल्यावर ती विरते, बुटाची नाडी बांधेपर्यंत विसरलीही जाते, आणि माणूस त्या दिवशीही धावायला निघतो. अशी दहा-बारा दिवसांची दुर्लक्षित कळ पुढे तीन महिने घरी बसवते. नवशिक्याला ही दुखणी होत नाहीत असे नाही, मात्र नवशिका धाप लागली की थांबतो. परतलेला थांबत नाही, कारण आपण याहून जास्त धावू शकतो हे त्याला माहीत असते.

यावरचे उपाय साधे आहेत आणि म्हणूनच परतलेल्यांना ते कमीपणाचे वाटतात. थोडे धावावे, थोडे चालावे, पुन्हा धावावे, ही पद्धत अमेरिकेचा माजी ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे याने १९७० च्या दशकापासून शिकवली. जॉश क्लार्क याने १९९६ मध्ये आखलेला नऊ आठवड्यांचा कार्यक्रम, जो आज जगभर ‘काउच टू फाइव्ह के’ या नावाने माहीत आहे, तोही पहिल्या दिवशी एक मिनिट धावणे आणि दीड मिनिट चालणे यापासूनच सुरू होतो. गती किती असावी याची कसोटी लिडियार्डच्या काळापासून तीच आहे : सोबतच्या माणसाशी पूर्ण वाक्यात बोलता आले पाहिजे. मनगटावरचे घड्याळ हृदयाचे ठोके, पावलांची संख्या आणि झोपेचे गुण दाखवीत असताना बोलण्याची कसोटी कोणाला गावठी वाटेल, पण ती चुकत नाही आणि तिचे चार्जिंगही संपत नाही. याच्या जोडीला आणखी एक बाब सांगायला हवी, ती म्हणजे सुरुवातीची धाप. धावणे सुरू झाल्यावर स्नायूंची प्राणवायूची गरज लगेच वाढते, परंतु पुरवठा त्या पातळीला पोचायला काही मिनिटे लागतात, आणि वय वाढले व सराव सुटलेला असला की हा उशीरही वाढतो. त्यामुळे पहिली दहा मिनिटे ही सबंध फेरीतली सर्वांत त्रासाची असतात. आपल्याने हे होणार नाही असे ठरवून परत फिरणारे बहुतेक लोक याच दहा मिनिटांत परत फिरतात. आरंभी भरभर चालून मग धावायला लागले तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

लाभांविषयी लिहिताना दीर्घायुष्याचा मुद्दा टाळता येत नाही, म्हणून तो थोडक्यात घ्यावा. डॅलस येथेच कूपर यांच्या संस्थेत जमलेल्या सुमारे ५५,००० प्रौढांच्या माहितीवरून २०१४ साली असे प्रसिद्ध झाले की, धावणाऱ्यांमध्ये एकूण मृत्यूंचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी आणि हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे येणाऱ्या मृत्यूंचा धोका ४५ टक्क्यांनी कमी होता, आणि हा फरक रोज पाच-दहा मिनिटे संथ धावणाऱ्यांतही दिसत होता. स्टॅनफर्ड विद्यापीठाने पन्नाशी ओलांडलेल्या धावणाऱ्यांचा १९८४ पासून दोन दशके मागोवा घेतला, तेव्हा न धावणाऱ्यांच्या गटातील ३४ टक्के व्यक्ती मरण पावल्या असताना धावणाऱ्यांतील १५ टक्केच दगावल्या होत्या. मात्र ही निरीक्षणे आहेत, प्रयोग नव्हेत. जो मुळात निरोगी असतो तोच धावत राहतो, ही शक्यता संशोधकांनी आकडेमोडीने कमी केली असली तरी ती पूर्णपणे जात नाही. गुडघ्यांबाबत मात्र याच स्टॅनफर्डच्या गटातील क्ष-किरण तपासणीने एक रूढ समज खोडून काढला : वर्षानुवर्षे धावणाऱ्यांच्या गुडघ्यांत संधिवाताची झीज न धावणाऱ्यांहून अधिक आढळली नाही. गुडघे झिजतील म्हणून बसून राहणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवे.

महाराष्ट्रातील वाचकाला अधिक जवळचा वाटावा असा लाभ रक्तातील साखरेशी संबंधित आहे. साखर पेशींत शिरायला इन्सुलिन हे संप्रेरक लागते आणि मधुमेहाच्या वाटेवर असलेल्या माणसाचे स्नायू त्याला नीट दाद देत नाहीत. परंतु काम करणारा स्नायू इन्सुलिनच्या मदतीवाचूनही साखर आत ओढू शकतो, आणि श्रमानंतर एक-दोन दिवस इन्सुलिनलाही तो अधिक चांगला प्रतिसाद देतो. हा परिणाम तेवढ्याच काळात ओसरत असल्याने आठवड्यातून एकदा, रविवारी, पंधरा किलोमीटर धावण्यापेक्षा एक दिवसाआड तीन किलोमीटर धावणे या दृष्टीने अधिक उपयोगाचे ठरते. जे गोळ्या किंवा इन्सुलिन घेतात त्यांनी मात्र साखर एकदम खाली जाण्याचा धोका लक्षात घेऊन मात्रेविषयी डॉक्टरांशी आधी बोलले पाहिजे.

हृदयाविषयी तर अधिकच. १९७७ साली धावण्यावरचे अफाट खपाचे पुस्तक लिहिणारा जिम फिक्स हा पस्तिशीत, वजन आणि सिगारेट यांनी ग्रासलेला असताना धावू लागला होता, आणि १९८४ साली ५२ व्या वर्षी धावत असतानाच हृदयविकाराने मरण पावला. धावणे घातक असल्याचा पुरावा म्हणून त्याचे नाव आजही घेतले जाते. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या मोठ्या प्रमाणावर अरुंद झालेल्या आढळल्या होत्या आणि त्याच्या वडिलांचा मृत्यूही हृदयविकाराने ४३ व्या वर्षी झाला होता, हे सहसा सांगितले जात नाही. वडिलांपेक्षा नऊ वर्षे अधिक जगलेल्या या माणसाच्या गोष्टीतून निघते ते इतकेच की, तंदुरुस्ती आणि निरोगीपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भारतीयांत हृदयविकार तुलनेने लवकरच्या वयात उद्भवतो, तेव्हा चाळिशीनंतर परतणाऱ्याने, विशेषतः घराण्यात असा इतिहास असल्यास, आधी तपासणी करून घेणे हे शहाणपणाचे आहे. आणि छातीत दाब किंवा जबडा व डाव्या हाताकडे जाणारी कळ जाणवल्यास ती ‘दम कमी पडतोय’ म्हणून धावून काढायची गोष्ट नव्हे.

या सर्वांपलीकडचा जो लाभ परतलेली माणसे बोलून दाखवतात, तो मोजता येत नाही म्हणून शास्त्रीय पुस्तकांत कोपऱ्यात पडतो. धावल्यावर वाटणाऱ्या हलकेपणाचे श्रेय दीर्घकाळ एंडॉर्फिन या रसायनांना दिले गेले. अलीकडच्या संशोधनात मेंदूत तयार होणाऱ्या कॅनाबिनॉइड जातीच्या द्रव्यांकडेही लक्ष गेले आहे. रसायन कोणतेही असो, चाळिशीतल्या माणसाच्या बाबतीत त्या तासाला आणखी एक अर्थ असतो. त्याच्या दिवसाचा जवळजवळ प्रत्येक भाग कोणाच्या तरी मागणीला उत्तर देण्यात जातो : कार्यालय, मुलांची शाळा, आई-वडिलांची औषधे, हप्ते, सोसायटीची सभा. धावण्याच्या वेळेत त्याच्याकडून कोणाला काही हवे नसते. शिवाय ज्या वयात पगार, पद, मुलांचे गुण या सर्वांत प्रगती मोजून देणारा दुसराच कोणी असतो, त्या वयात मागच्या महिन्यात जिथे चालावे लागले त्या चढावर आज धावता आले, ही प्रगती केवळ त्याची असते.

वेगाची तुलना करायचीच असेल तर तिच्यासाठीही न्याय्य साधन आहे. ३५ वर्षांपुढील धावपटूंना ‘मास्टर्स’ म्हणतात आणि त्यांच्यासाठी वयसापेक्ष गुणांकन वापरले जाते. त्यात धावणाऱ्याची वेळ त्याच वयाच्या व त्याच लिंगाच्या सर्वोत्तम कामगिरीच्या किती टक्के आहे हे काढतात, त्यामुळे साठीतला माणूस विशीतल्या स्वतःपेक्षा हळू असूनही सरस ठरू शकतो. एड व्हिटलॉक या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या खाण अभियंत्याने तरुणपणी धावून नंतर ते सोडले होते. कॅनडात चाळिशीत तो परतला, राहत्या गावच्या दफनभूमीतल्या छोट्या वाटेवर रोज तासन् तास संथ फेऱ्या मारीत राहिला, आणि २००४ साली ७३ व्या वर्षी टोरांटोची मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटे ४८ सेकंदांत धावला. त्याच टोरांटोत २०११ साली शंभरीच्या फौजा सिंग यांनी आठ तासांहून थोडा अधिक वेळ घेऊन तेच अंतर पार केले. त्यांच्याजवळ जन्मदाखला नसल्याने गिनीजने विक्रम नोंदवला नाही. पंजाबात तरुणपणी धावलेले फौजा सिंग पत्नी आणि मुलगा गमावल्यावर, ऐंशी-नव्वदीच्या वयात, दुःखातून सावरण्यासाठी धावण्याकडे परतले होते. अशा उदाहरणांनी वाचकाने दिपून जाऊ नये. ती अपवादाची आहेत. तरीही व्हिटलॉकच्या त्या कंटाळवाण्या, संथ फेऱ्या मात्र कोणालाही उचलता येण्यासारख्या आहेत.

स्त्रियांच्या परतण्याचा विचार वेगळा करणे भाग आहे, कारण त्यांच्यापैकी अनेकींना धावणे सोडण्याचा निर्णय स्वतः घेताच आलेला नसतो. ऑलिंपिकमध्येही स्त्रियांची मॅरेथॉन १९८४ पर्यंत नव्हती, तेव्हा गावच्या मैदानाची काय कथा. शाळेच्या जिल्हा स्पर्धांत धावलेली मुलगी दहावी-बारावीनंतर मैदानावर दिसेनाशी होते, आणि तीच चाळिशीत परतू पाहते तेव्हा धाप आणि पोटऱ्या यांच्या आधी तिला पाण्याची वेळ, डबे, अंधारातला रस्ता, मोकाट कुत्री आणि कपड्यांवरच्या नजरा यांचा हिशेब करावा लागतो. बाळंतपणानंतर ओटीपोटाचे स्नायू सैलावलेले असल्यास धावताना लघवीवर ताबा राहत नाही, ही अत्यंत सामान्य तक्रार आहे. तिच्यावर फिजिओथेरपीचे उपाय आहेत, पण संकोचामुळे ती डॉक्टरांपर्यंतही जात नाही आणि धावणे मात्र सुटते. रजोनिवृत्तीनंतर हाडे विरळ होण्याचा वेग वाढतो आणि वजन पेलणारा व्यायाम त्याला काही प्रमाणात आवर घालतो, हे लक्षात घेतले तर ज्यांना धावण्याची सर्वाधिक गरज त्यांनाच ते सर्वाधिक अवघड, अशी ही विषम स्थिती आहे. बारामतीच्या शर्यतीत साठीनंतर नऊवारीत, अनवाणी धावलेल्या लता करे यांच्यावर २०२० साली चित्रपट निघाला आणि त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली. त्यांच्या धावण्याचे कौतुक सर्वांनी केले, परंतु त्या नवऱ्याच्या तपासणीच्या पैशांसाठी धावल्या होत्या, छंद म्हणून नव्हे, याचा विसर त्या कौतुकात पडू नये.

शेवटी स्पर्धांविषयी. पदक, टी-शर्ट आणि छायाचित्र यांची टर उडवणे सोपे आहे, पण ठरलेल्या तारखेमुळे अनेकजण अंथरुणातून उठतात, हेही तितकेच खरे. अडचण तारखेच्या गणितात येते. आपल्याकडे धावण्याचा उत्साह दिवाळीनंतर हवेत गारवा आला की येतो, आणि मुंबईची मॅरेथॉन जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते. मधे जेमतेम दहा-बारा आठवडे उरतात. तेवढ्यात दम हाफपुरता तयार होऊ शकतो, कंडरा होत नाहीत. त्यात मुंबईची दमट हवा असते, जिच्यात घाम सुकत नसल्याने शरीर थंड राहत नाही. म्हणून दिवाळीनंतर सुरुवात करणाऱ्याने पहिला हिवाळा तीन-पाच किलोमीटरवर काढावा, उन्हाळ्यात उजाडायच्या आत उरकावे, पावसाळ्यात टेकडीची निसरडी वाट सोडून डांबरी रस्ता धरावा आणि पहिली हाफ पुढच्या हिवाळ्यात ठरवावी, असे वर्षभराचे वेळापत्रक पुढे एका प्रकरणात दिले आहे. ज्यांना ते फारच संथ वाटेल त्यांच्यासाठी दुखापतींचे प्रकरण त्याला लागूनच ठेवले आहे.